सिंहस्थात मंडपाचा पोटठेका: ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ’ ही अट मान्य करावी का?

मंडपवाली_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण आकडे सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आमचा मंडपाचा धंदा सासऱ्यांनी 1978 मध्ये सुरू केला. तेव्हा बांबू, सुतळी आणि कनाती एवढंच भांडवल होतं. आज 66,000 चौरस फूट पाइपचा मंडप आहे आणि 20 मीटर रुंद, 55 मीटर लांब असा एक जर्मन हँगर (ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा, मधे खांब नसलेला मोठा मंडप) आहे, म्हणजे आणखी 12,000 फूट धरा. कायमची माणसं 14, सीझनला 45 पर्यंत जातात. मिस्टर 2019 मध्ये गेले, तेव्हापासून मीच बघते. लग्नं, सप्ते, शाळांची गॅदरिंग आणि गणपती यावर घर चालतं.

2027 च्या सिंहस्थासाठी बाहेरच्या राज्यातली एक मोठी कंपनी माझ्याकडे आली आहे. मूळ काम त्यांना सरकारी यंत्रणेकडून मिळालंय, त्यातलं 72,000 चौरस फुटांचं काम ते मला पोटठेक्याने द्यायला तयार आहेत. दर फुटाला 150 रुपये, 75 दिवसांसाठी, उभारणी आणि उतरवणी धरून. एकूण 1 कोटी 8 लाख, वर जीएसटी. एवढं मोठं काम आमच्या घरात कधी आलेलं नाही. सासरे आज असते तर त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली असती.

पण वर्क ऑर्डरचा मसुदा वाचल्यापासून झोप नाही. 10 टक्के ॲडव्हान्स, 30 टक्के उभारणी झाल्यावर, 50 टक्के मेळा संपल्यावर, 10 टक्के सहा महिन्यांनी. आणि ॲडव्हान्स सोडून बाकी सगळ्यांपुढे एकच वाक्य: मूळ ग्राहकाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर. 1 जुलैला जागा मिळणार, 25 जुलैला मंडप पूर्ण उभा हवा, उशीर झाला तर दिवसाला 1 टक्का दंड. दंड किती टक्क्यांवर थांबणार ते लिहिलेलं नाही. ‘गरज भासल्यास त्याच दराने 30 दिवसांची मुदतवाढ’ हेही आहे. शिवाय सही केलेले दोन कोरे चेक मागितलेत.

माझा हिशेब असा. जुलै-ऑगस्टच्या पावसाला साधी ताडपत्री पुरणार नाही, खाली काळी माती आहे म्हणजे प्लायचा प्लॅटफॉर्म लागणार. या दोन्हींची खरेदी 28 लाख. 45 माणसं, 40 दिवस, 900 रुपये हजेरी, म्हणजे 16 लाख 20 हजार. गाड्या आणि क्रेन 6 लाख. हे सगळे 50 लाख पहिल्या स्नानाच्या आधी खिशातून जाणार, आणि हातात नक्की येणारे 10 लाख 80 हजार. उरलेल्यासाठी गोदामाची जागा तारण ठेवावी लागेल.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, पण मला ती जास्त टोचते. 2027 मध्ये अमृतस्नानं आहेत 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला. गणेश चतुर्थी आहे 4 सप्टेंबरला. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे एरवी सामान गोदामात पडून असतं, म्हणून लोक मला म्हणतात की घेऊन टाक. पण माझी 22 मंडळं आहेत. त्यांना मिळून 40,000 फूट लागतं. त्यातली काही सासऱ्यांपासूनची. 2020 च्या गणपतीत आमचा धंदा पूर्ण बसला होता, तेव्हा यातल्याच सात मंडळांनी मंडप न घालता ॲडव्हान्स पाठवला होता, पुढच्या वर्षी वळता करा म्हणून. 72,000 फूट तिकडे अडकलं तर माझ्याकडे 6,000 फूट उरतं. त्यांना नाही कसं म्हणू?

ज्यांनी अशी मोठी कामं केलीत त्यांनी सांगा. ती ‘पैसे आल्यावर पैसे’ वाली अट कायद्याने टिकते का? मसुद्यात काय बदलून घेता येईल? आणि काम घ्यावं की सोडावं?

चंद्रभागेकाठी

राम कृष्ण हरी ताई. पंढरपूरचा आहे, चार वाऱ्यांना निवाऱ्याचे मंडप घातलेत. पोटठेका म्हणूनही आणि थेटही.

सगळ्यात आधी कोरे चेक. देऊ नका. तारीख, रक्कम, नाव भरलेला चेकसुद्धा कशासाठी दिला ते लिहिलेल्या पत्राबरोबरच द्यावा. ॲडव्हान्सची हमी हवी असेल तर तेवढ्या रकमेची बँक गॅरंटी द्या, आणि तिच्यात दोन गोष्टी घालून घ्या: संपण्याची तारीख, आणि प्रत्येक बिलातून जेवढा ॲडव्हान्स वळता होईल तेवढी गॅरंटी कमी होणं. नाहीतर ॲडव्हान्स फिटून जातो आणि तुमची एफडी बँकेत मार्जिन म्हणून अडकून राहते.

आता माझं बघा. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या कृषी प्रदर्शनाला 50,000 फुटांचा मंडप घातला होता. प्रदर्शन रविवारी संध्याकाळी संपलं. सोमवारी सकाळी मी गाड्या घेऊन गेलो तर मैदानावर वॉचमन नाही, लाइट कापलेली, आणि माझे 340 पाइप आणि कपलिंगची चार पोती गायब. आयोजक म्हणाले, प्रदर्शन संपलं तिथे आमची जबाबदारी संपली. करारात खरंच तसं होतं, मी वाचलं नव्हतं. बिलातून मिळालेला नफा त्या पाइपांत गेला. तेव्हा सामान उतरवून शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत राखण कोणाची, हे लिहून घ्या. मेळा संपल्यावर पोलीसही जातात आणि कंपनीची माणसंही पुढच्या कामाला जातात. मैदानात आपण एकटे असतो.

जागेचंही तसंच. 1 जुलैला जागा देणार म्हणतात. माझ्या अनुभवात ठरल्या दिवशी जागा मिळालेली नाही. कधी सपाटीकरण राहिलेलं, कधी पाण्याची लाइन टाकायचं काम चालू, कधी मुरूम आलेला नाही. म्हणून ‘25 जुलैपर्यंत’ असं मान्य करू नका. ‘सपाट, मोकळी, गाडी जाईल अशी जागा दोघांच्या सहीने ताब्यात मिळाल्यापासून 24 दिवस’ असं हवं. जागा अर्धी मिळाली तर अर्ध्या जागेचाच दिवस मोजायचा. मी ताबा घेताना चारी कोपऱ्यांतून व्हिडिओ काढतो आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या इंजिनिअरला पाठवतो. भांडण झालं तर तेवढंच कामाला येतं.

हिशेबनीस_कोथरूड

ताई, मी सीए आहे. तुमचा कायद्याचा प्रश्न आधी घेतो.

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ या सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या असाल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपुढे जाऊ शकत नाही. उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. काम स्वीकारल्यापासून दिवस मोजले जातात, आणि समोरच्याने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात. म्हणून उभारणी झाली त्या दिवशीची पोच हा तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद. तक्रार याच कायद्याखालच्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करायची असते, आणि तिच्या निवाड्याला कंपनीला आव्हान द्यायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

आता यातला खड्डा. वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे बांधकामासारख्या कामाच्या ठेक्याला, हा कायदा लागत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. तुमच्या मसुद्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघा. तुम्ही जमिनीला कायमचं काही बांधत नाही आहात. सामान भाड्याने देता, उभं करता, उतरवून परत नेता. जे खरं आहे तेच शीर्षकात हवं: ‘तात्पुरत्या मंडपाचे साहित्य भाड्याने पुरवणे व उभारणी सेवा’. आणि उद्यम नोंदणी वर्क ऑर्डरवर सही करण्याच्या आधीच्या तारखेची हवी. नसेल तर आजच करा, फी लागत नाही.

दुसरं, जीएसटी. ॲडव्हान्सवरही 18 टक्के कर लागतो हे फार लोक विसरतात. कंपनीने 10 लाख 80 हजार दिले आणि वर कर दिला नाही, तर त्या रकमेतच कर धरला जाईल: 1 लाख 64 हजार 746 रुपये. तेव्हा ‘ॲडव्हान्स अधिक जीएसटी’ असं लिहून घ्या. 30 टक्क्यांचं बिल काढलंत की 32 लाख 40 हजारांवर 5 लाख 83 हजार 200 कर पुढच्या महिन्यात भरायचा, मग पैसे आलेले असोत वा नसोत. ताडपत्री आणि प्लायच्या खरेदीवरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी, त्यातून वजा होईल, म्हणून खरेदी पक्क्या बिलाने आणि तुमच्या जीएसटी नंबरवरच करा.

कंपनीवर दबाव आणायला दोन गोष्टी आहेत. तुमचं बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर त्यांना त्यावर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. आणि 2023 च्या अर्थसंकल्पापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना तो खर्च प्राप्तिकरात धरता येत नाही. बोलणी चालू असताना हे दोन्ही त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाला सांगा, मालकाला नाही. अकाउंट्सवाल्याला लगेच समजतं.

तरीही खरं सांगतो. कौन्सिलमध्ये जाणं म्हणजे वेळ जाणं. तुमच्या मजुरांना शनिवारी हजेरी द्यायची असते, ती निवाड्याची वाट बघत नाही. कायदा पाठीशी असू द्या, पण भरवसा ॲडव्हान्सवर ठेवा.

मंडपवाली_नाशिकरोड

दोघांचेही मनापासून आभार. उद्यम नोंदणी 2021 ची आहे, मिस्टर गेल्यावर सगळे कागद माझ्या नावावर केले तेव्हाच केली होती. मसुद्याच्या डोक्यावर मात्र ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ असंच आहे. पाइप चोरीचं वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे राखणीचा शब्दही नाही.

मुदतवाढीच्या ‘त्याच दराने’चा अर्थ कोणी सांगेल का? मी त्यांच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘बघू ना मॅडम, ॲडजस्ट करू.’

निवृत्त_उपअभियंता

ताई, बांधकाम खात्यात 31 वर्षं काढली. मोजमाप पुस्तिका हाच माझा धर्म होता, त्यामुळे ‘त्याच दराने’ या शब्दांबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

150 रुपये 75 दिवसांचे, म्हणजे फुटाला दिवसाचे 2 रुपये. ‘त्याच दराने 30 दिवस’ याचा तुम्ही लावाल तो अर्थ असा: 72,000 गुणिले 2 गुणिले 30, म्हणजे 43 लाख 20 हजार जादा. ते लावतील तो अर्थ असा: दर 150 चाच, दिवस 105, जादा काही नाही. एका संदिग्ध शब्दावर 43 लाख टांगलेले आहेत. यात उभारणीचा खर्च पुन्हा होत नाही, म्हणून दिवसाचे पूर्ण 2 रुपये ते देणार नाहीत, ते रास्तही आहे. पण उभारणी-उतरवणीचा दर वेगळा आणि दिवसाच्या भाड्याचा दर वेगळा असे दोन आकडे आजच लिहून घ्या. मुदतवाढ 7 दिवस आधी लेखी कळवल्याशिवाय नाही, आणि मागचं बिल थकलेलं असताना तर नाहीच. ‘ॲडजस्ट करू’ म्हणणारा माणूस सप्टेंबरात त्या कंपनीत असेलच असं नाही.

दंडाबाबत: सरकारी कामांत मी पाहिलेली साधी पद्धत म्हणजे एकूण रकमेच्या 10 टक्क्यांवर दंड थांबतो. दिवसाला 1 टक्का आणि वर मर्यादा नाही, हे सही करण्यासारखं नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देतं, हे खरं. पण दंड ते तुमच्या बिलातून परस्पर कापतील आणि न्यायालयात जायची पाळी तुमच्यावर येईल.

मोजमाप कसं होणार तेही मसुद्यात दिसत नाही. मंडप बाहेरच्या खांबापासून मोजायचा की छपराच्या कडेपासून? पागोळीचा भाग धरायचा की नाही? 20 मीटरच्या रुंदीला दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मीटर पुढे आलेला असेल तर 5 टक्क्यांचा फरक पडतो. तुमच्या कामात तो 5 लाखांच्या वर जातो. उभारणी चालू असतानाच दर चार दिवसांनी संयुक्त मोजमाप घ्या, त्यावर दोघांची सही. झाकलं गेलेलं काम, म्हणजे प्लॅटफॉर्मखालचा मुरूम, वाळूची पोती, अँकर, हे झाकायच्या आधी मोजा. नंतर ते कोणाला दिसत नाही आणि कोणी पैसे देत नाही.

आता ज्याबद्दल कोणी विचारलं नाही ते. मंडप पडला तर जबाबदार कोण? 2024 च्या 13 मे रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरला फलक कोसळला, 17 जीव गेले. आपल्याकडे 2003 च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी तुम्हाला आठवत असेल. नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग भारतीय मानकात 39 मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. पाइपचा मंडप या भाराला तपासून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्यायला हवं. त्याची फी कोण देणार? आग लागू नये म्हणून तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस 8758 हे मानक आहे, त्याप्रमाणे कापडावर प्रक्रिया कोण करणार? तिसऱ्या माणसाला इजा झाली तर विमा कोणाच्या नावाने? तुमच्या मसुद्यात ‘सर्व परवानग्या व सुरक्षितता पोटठेकेदाराची’ असं एखादं वाक्य शेवटच्या पानावर नक्की असेल. शोधा. ते असेल तर त्याचा खर्च दरात धरा, नाहीतर वाक्य काढायला लावा. पण प्रमाणपत्राशिवाय एकही माणूस त्या मंडपाखाली झोपू देऊ नका. तिथे म्हाताऱ्या आया-बाया गावाकडून येऊन झोपणार आहेत.

चंद्रभागेकाठी

साहेबांनी लाखातलं सांगितलं. माझी एकच भर. ताई, 72,000 च का? त्यांनी मागितलं म्हणून? तुम्ही 22 मंडळांचं सामान बाजूला काढा आणि उरतं तेवढंच द्या. आणि कंपनीला पाऊस जवळ आल्यावर माणूस सापडणार नाही, तुम्ही स्थानिक आहात, गोदाम नाशिकरोडला आहे. गरज त्यांनाही आहे.

मंडपवाली_नाशिकरोड

दहा दिवसांनी लिहितेय. शेवटच्या नाही, शेवटून दुसऱ्या पानावर ते वाक्य होतं, साहेबांनी सांगितलं तसंच. तीनदा वाचूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं.

कंपनीच्या ऑफिसात दोन बैठका झाल्या. मी पहिल्यांदाच सांगितलं की 30,000 फूटच देईन, बाकीचं सामान गणपतीचं आहे. त्यांना वाटलं मी भाव वाढवायला बघतेय. मग मी मंडळांची यादीच समोर ठेवली, कोणत्या मंडळाचा मंडप किती फुटांचा आणि किती वर्षांपासून. त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

आता 150 च्या दराने 45 लाखांचं काम आहे. त्याची फोड केलीय, 60 रुपये उभारणी-उतरवणीचे आणि 90 रुपये 75 दिवसांच्या भाड्याचे, म्हणजे मुदतवाढ झाली तर फुटाला दिवसाचा 1 रुपया 20 पैसे. ॲडव्हान्स 25 टक्के, म्हणजे 11 लाख 25 हजार, अधिक जीएसटी. त्या बदल्यात तेवढ्याच रकमेची, दर बिलाला कमी होत जाणारी बँक गॅरंटी. कोरे चेक गेले. दंड 10 टक्क्यांवर थांबणार. दिवस ताब्यापासून मोजणार, राखण शेवटच्या गाडीपर्यंत त्यांची. शीर्षक बदललं. नवी खरेदी आता 9 लाखांत बसते, माणसं 20 पुरतील, आणि गोदाम तारण ठेवायची गरज नाही. स्ट्रक्चरल प्रमाणपत्राचा खर्च मी उचलते असं मीच म्हणाले, इंजिनिअर माझ्या विश्वासाचा हवा म्हणून.

एका गोष्टीवर अडलंय. ‘मूळ ग्राहकाकडून प्राप्त झाल्यानंतर’ हे शब्द काढायला ते तयार नाहीत. मी त्यापुढे ‘किंवा बिलापासून 45 दिवस, यांपैकी जे आधी असेल ते’ एवढं घालायला सांगितलंय. अकाउंट्सच्या बाईंना पटलंय, त्या वरती बोलणार आहेत. ते शब्द आले नाहीत तर सही करणार नाही, हे घरात मुलालाही सांगून ठेवलंय.

परवा आमच्या जुन्या मुकादमांना घेऊन तपोवनाकडची जागा बघून आले. त्यांनी 2015 च्या सिंहस्थात तिथे बांबू बांधलेत. टाचेने माती दाबून बघितली आणि म्हणाले, ‘वहिनी, इथे पहार दीड हात जाईल, पाऊस पडल्यावर तीन हात जाईल, प्लेटा मोठ्या लागतील.’ प्लेटांचा भाव काढायला दिलाय.